अमृतवाहिनीच्या काठाने

दायमाबाद ते नेवासे हे अंतर नकाशावर सरळ रेषेत विसेक किलोमीटर भरते. प्रवरेच्या वळणांबरोबर चालले तर बरेच वाढते. उजाडता निघून दिवेलागणीला पोचायचे, अशी ही एक मजल. गेल्या माघात मी ती पायी केली. वाटेत ऊस, पुन्हा ऊस, फाट्यावर चहाची टपरी आणि कुठे कुठे देशी दारूचे दुकान. विलायतेत नदीकाठाने दिवसभर चालत गावोगावच्या मद्यगृहांत टेकत जाण्याची रीत आहे. आपला वाटसरू टेकतो तो पारावर, नाहीतर देवळाच्या ओवरीत. मग या काठाला मद्याचा इतिहासच नाही का?

आहे, आणि तो नेवाशाच्या मातीत सापडला. डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकळियांनी १९५४ ते ५६ मध्ये तिथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळाच्या थरांत 'अँफोरा' या रांजणांचे तुकडे निघाले. दोन कान, लांब मान, निमुळता तळ. भूमध्य समुद्राकडून द्राक्षमद्य आणि तेल यातूनच जहाजाने येई. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात मद्याची नोंद आहे: इटलीचे पसंतीचे, शिवाय लाओडिसिया आणि अरबस्तानातले. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, असेही तो लेखक सांगतो. पैठणचा अकीक गाड्यांतून बंदराकडे जाई. नेवासे पैठणच्या वरच्या अंगाला, म्हणजे या व्यापाराच्या आवाक्यातले.

एवढ्यावरून 'नेवाशात रोमन गुत्ता होता' असे हल्ली कोणी सांगू लागले, तर मी ते मानणार नाही. रांजण मद्याचा की तेलाचा, हे नुसत्या खापरावरून कळत नाही. रिकामा रांजण पाण्यालाही चालतो. शिवाय रोबर्टा टॉम्बर या विदुषींनी भारतातले असे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा रोमन समजलेली पुष्कळ खापरे मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबर लावलेल्या बिनकानी रांजणांची निघाली. तुकडा तुकडा हातात घेऊन आतली बाजू पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

गंमत अशी, की याच नेवाशात मोहिनीराजाचे देऊळ आहे. देवांना अमृत आणि दैत्यांना सुरा वाढणारी ती मोहिनी. पंगतीत घुसलेल्या राहूचे शिर पडले ती राहुरी, काया पडली ते कायगाव, असे लोक सांगतात आणि प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकणार नाही; पण पंगतीत काय वाढले गेले याची आठवण एका नदीने दोन गावांच्या नावांत जपावी, हे मला खापरांइतकेच मोलाचे वाटते. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली तीही इथेच.

आजच्या दुकानांचे मूळ मात्र रोमात नाही, भंडारदऱ्यात आहे. १९२६ मध्ये तिथले धरण पुरे झाले, कालव्यांनी ऊस आणला, १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीचा सहकारी कारखाना उभा राहिला. साखरेमागोमाग मळी येते, मळीतून मद्यार्क. त्याच्या वर्षभर आधीचा, १९४९चा, मुंबई दारूबंदी कायदा कागदावर अजून आहे. २००८ पासून गावच्या बायकांना मतदानाने दुकान बंद करता येते: चिन्हे दोनच, उभी बाटली आणि आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. मतदानाच्या दिवशी ज्या रानात मजुरीला गेल्या, त्यांची गणना उभीच्या बाजूला झाल्यासारखीच होते.