परदेशी रकान्यातली मुलं

साताऱ्याहून लग्न होऊन मी मद्रासला आले तेव्हा तमिळचा गंधही नव्हता. काही वर्षांनी एका कॉलेजच्या कार्यालयात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. प्रवेशाचे अर्ज घ्यायचे काम माझ्याकडे होते. खिडकीपलीकडची मुलं मला अक्का म्हणायची. आलेल्या अर्जांचे प्रवर्गाप्रमाणे गठ्ठे करायचे: ओसी, बीसी, एमबीसी, एससी, एसटी. सगळ्यांत खाली एक पातळ फाईल असे, तिच्यावर 'फॉरिन' लिहिलेले.

1991 च्या पावसाळ्यात त्या फाईलीत श्रीलंकेतल्या जाफन्याच्या एका मुलीचा अर्ज आला. आदल्या वर्षी लढाई पुन्हा पेटली तेव्हा ती आईबरोबर होडीने रामेश्वरच्या किनाऱ्याला लागली होती. गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, तरी खाऱ्या पाण्याने तिची एक कड गेली होती. गुण उत्तम होते. पण 21 मे रोजी श्रीपेरुंबुदूरला श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांनी राजीव गांधींची हत्या केली होती आणि शहराचे वारे फिरले होते. राज्य सरकारने श्रीलंकेच्या निर्वासित विद्यार्थ्यांच्या सवलती आणि राखीव जागा काढून घेतल्या. आमच्याकडे तोंडी निरोप आला, निर्वासित कॅम्पच्या मुलांचे अर्ज बाजूला ठेवा. मी ठेवला. आई तीनदा येऊन विचारून गेली, "अक्का, यादी कधी लागेल?" यादी लागली. तीत ते नाव नव्हते.

पुढे मद्रास विद्यापीठाच्या इतिहासाविषयी जे हाती पडेल ते वाचायची मला सवय लागली. विद्यापीठाची स्थापना 5 सप्टेंबर 1857 ची. त्याचे पहिले दोन पदवीधर कोण? सी. डब्ल्यू. दामोदरम् पिळ्ळै आणि कॅरल विश्वनाथ पिळ्ळै. दोघेही जाफन्याचे. अमेरिकन मिशनऱ्यांनी 1823 साली वट्टुकोट्टैला काढलेल्या सेमिनरीत शिकलेले, समुद्र ओलांडून मद्रासला आलेले. दामोदरम् पिळ्ळै इथे वर्तमानपत्राच्या कामासाठी आले होते. पुढे त्यांनी ताडपत्रांवर पडून राहिलेले 'कलित्तोगै' 1887 मध्ये छापून काढले. तमिळचे जुने वाङ्मय छापील रूपात आणणाऱ्यांच्या पहिल्या फळीत त्यांचे नाव घ्यावे लागते. तमिळांचे हे वैभव ज्याने उजेडात आणायला हातभार लावला, तो माझ्या फाईलीच्या हिशेबाने 'फॉरिन' होता!

  

सिलोनला स्वतःचे विद्यापीठ 1942 साली मिळाले. तोवर पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून शिकायला येणे हा तिथल्या तमिळ घरांचा रिवाजच होता. नंतर ते येणे कमी झाले. 1970 च्या सुमारास ते पुन्हा वाढले, पण त्याचे कारण वेगळे होते. तिथल्या सरकारने विद्यापीठ प्रवेशाला 'प्रमाणीकरण' लावले. पहिल्या वर्षी वैद्यकीयला सिंहली माध्यमाच्या मुलाला 400 पैकी 229 गुण पुरत, तमिळ माध्यमाच्या मुलाला 250 लागत. मागासलेल्या जिल्ह्यांना वाव मिळावा हा हेतू त्यात सांगितला जात होता, आणि तो सगळाच खोटा नव्हता. पण जाफन्याच्या मुलाला त्यातून एवढेच कळले की आपल्या भाषेमुळे आपले 21 गुण गेले. ज्यांना जमले ते शिकायला बाहेर पडले, आणि मागे राहिलेल्यांपैकी कितीतरी पोरांनी हाती बंदूक धरली. पुढची यादवी एका प्रवेशयादीमुळे झाली असे मी म्हणणार नाही. पण त्या यादीचा तीत वाटा होता, हे श्रीलंकेचा इतिहास लिहिणारेही मानतात.

जुलै 1983 च्या दंगलींनंतर माणसे होड्या भरभरून आली. एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या काही जागा त्यांच्या मुलांसाठी राखल्या. निर्वासितांनीच 1984 मध्ये चंद्रहासन यांच्या पुढाकाराने काढलेल्या 'ऑफर' या संस्थेने कॅम्पांतून शिकवण्या चालवल्या. ही मुलं शिकायची भुकेली होती, हे मी खिडकीतून पाहिले आहे. मग 1991 आले. सवलती परत मिळाल्या त्या 1996 ला, सरकार बदलल्यावर. मधली पाच वर्षे म्हणजे एका मुलीचे अठरा ते तेवीस. ती मुलगी पुन्हा खिडकीशी आली नाही.

तमिळमध्ये निर्वासिताला 'अगदि' म्हणतात. मूळ शब्द संस्कृत 'अगति', म्हणजे आपल्या 'अगतिक'चाच भाऊ. कॅम्पला म्हणतात 'मुकाम', आपला मुक्काम. ऑगस्ट 2021 मध्ये मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधानसभेत सांगितले की यापुढे 'अगदि मुकाम' म्हणायचे नाही, 'मरुवाळ्वु मुकाम', म्हणजे पुनर्वसन मुक्काम म्हणायचे. घरे आणि शिक्षण धरून 317 कोटी रुपयांची योजनाही जाहीर केली. फार चांगले केले. पण मुक्काम आपण एका रात्रीचा करतो, आणि पुळल आणि गुम्मिडिपूंडीच्या मुक्कामात आता तिसरी पिढी जन्मली आहे. 1 जुलै 1987 पासून पुढे भारतात जन्मलेल्याला जन्मावरून नागरिकत्व मिळायला आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत श्रीलंकेचे नाव नाही. म्हणून इथेच जन्मलेली, इथल्याच सरकारी शाळेत तमिळ शिकलेली मुलगी अर्जाच्या 'राष्ट्रीयत्व' या ओळीशी येऊन अडखळते.

आता जगभर परदेशी विद्यार्थ्यांची संख्या बांधायचे चालले आहे. कॅनडाने 2024 मध्ये परवान्यांना कमाल मर्यादा घातली, ऑस्ट्रेलियाने 2025 साठी 2,70,000 चा आकडा ठरवला. जेमिनी फ्लायओव्हरजवळच्या अमेरिकन वकिलातीसमोर फायली छातीशी धरून उभी राहिलेली मुलं दिसली की माझ्या पोटात कालवते. त्यांत आपली मराठी मुलंही असतात.

मर्यादा नकोच, असे मी म्हणत नाही. चेंगलपट्टूच्या शेतमजुराच्या मुलाची जागा पैसेवाल्या परदेशी मुलाने घेतलेली मला चालणार नाही. आपल्याकडे त्यावर तोड आहे: जागा वाढीव धरायच्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी 25 टक्क्यांपर्यंत वाढीव जागांची मुभा दिली. त्या मंजूर जागांच्या वर असतात, इथल्या मुलाचे काही जात नाही. आकडा आधी जाहीर करा आणि सगळ्यांना सारखा लावा. रागाच्या भरात मधेच लावलेली मर्यादा आणि गुणपत्रिकेऐवजी जन्मगाव पाहणारी मर्यादा, या दोन्ही मी जवळून पाहिल्या आहेत, आणि दोन्ही अन्याय आहेत.

मुक्कामात जन्मलेल्या मुलांना मात्र त्या फाईलीत घालूच नका. त्यांचे अर्ज इथल्या मुलांच्या गठ्ठ्यात ठेवा. 1991 मध्ये मी तेवढे करायला हवे होते. आज त्या खिडकीत जो कोणी बसला असेल, त्याला माझे एवढेच सांगणे आहे.