भाव कळला, पुढे काय?

घरात माल आला की शेतकऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो एकच : आज भाव काय निघाला? प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर आधी कोणाला मिळते, यावर गेली दीडशे वर्षे कितीतरी घरांचे बरेवाईट अवलंबून राहिले आहे. तार, रेडिओ, टेलिफोन, मोबाइल यांची गणना आपण एरवी सोयींत करतो. आज त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहू. यांतल्या एकेकाने बाजारभावाची बातमी कोणाच्या कानी घातली आणि त्यातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, एवढेच तपासू.

सुरुवात कापसापासून करू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात आपल्याकडच्या कापसाचे भाव भराभर चढले. खेड्यातल्या कुणब्याला अमेरिका कोठे आहे हे ठाऊक नव्हते. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला, एवढे मात्र त्याला दिसले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. ही बातमी आधी मुंबईच्या व्यापाऱ्याला लागली. शेतकऱ्याला ती कळली, सावकाराने हात आखडता घेतला तेव्हा! पुढे सरकारने शेतसारा वाढवला, कर्ज फुगत गेले, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे दंगा उसळला. तो पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावी पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. ज्या कागदावर अंगठा आपला, पण ज्यातले अक्षर आपल्याला लागत नाही, त्या कागदावरचा तो राग होता. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला.

आता बाजाराच्या आवारात येऊ. भाव ठरायचा तो मालधन्याच्या समोर, पण त्याला न कळता. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालीत, बोटे दाबून आकडा सांगत. वर हमाली, तोलाई, धर्मादाय आणि कडता यांची कापाकापी असायचीच. हे उघड्यावर आणण्याचा प्रयत्न आपल्याकडे पहिल्यांदा वऱ्हाडात झाला. १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडाच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा आला. सबंध महाराष्ट्रासाठीचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. उघड लिलाव, खरे माप आणि लेखी हिशेबपट्टी हा त्यामागचा हेतू होता.

पण बाजारात पोचल्यावर भाव कळून उपयोग काय? गाडी जुंपण्याआधी तो कळला पाहिजे. ते काम रेडिओने केले. मुंबईचे केंद्र १९२७ साली सुरू झाले, नागपूरचे १९४८ त, पुण्याचे १९५३ त. १९५६ साली पुणे केंद्रावरून एक मोठा प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे निघाली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर बोलत आणि आपल्या शंका केंद्राला लिहून कळवीत. ऐकणाऱ्याने उलट विचारावे, ही त्यातली खरी नवी गोष्ट होती. युनेस्कोने या प्रयोगाला मदत केली आणि १९५९ पासून ही मंडळे देशभर पसरली. पुढे ट्रान्झिस्टर आला. वीज नसलेल्या घरात, नव्हे थेट बांधावर, रेडिओ जाऊन बसला. मण आणि पल्ले मागे पडले, भाव क्विंटलवर सांगितले जाऊ लागले.

आमच्या घरची एक आठवण सांगतो. माझ्या लहानपणी संध्याकाळी रेडिओवर बाजारभाव लागले की आजोबा आम्हा पोरांना गप्प बसवीत. एकदा शेजारच्या तालुक्याच्या बाजारात कांद्याला जास्त भाव असल्याचे आम्ही सगळ्यांनी ऐकले. दुसऱ्या दिवशी आजोबांची गाडी मात्र निघाली नेहमीच्याच अडत्याकडे. मी विचारले, "आबा, तिकडे का नाही नेत?" ते म्हणाले, "पोरा, बी-भरणाला उचल कोणाची घेतलीय?" एवढेच बोलून त्यांनी बैल हाकले. रेडिओने आपले काम चोख केले होते. अडले होते ते दुसरीकडेच.

त्यानंतरची साधने भराभर आली. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. नाक्यानाक्यावर टेलिफोनचे बूथ दिसू लागले. १९९५ साली देशात मोबाइल आला आणि काही वर्षांतच खेड्यांत पोचला. ज्या तारेची एकेकाळी धास्ती वाटायची, ती तार २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. २०१६ पासून 'ई-नाम' या नावाने देशातल्या बाजार समित्या संगणकाने जोडण्याचे काम सुरू झाले. रुमालाखालचा आकडा आता हातातल्या फोनवर दिसतो.

याने फायदा झाला का? झाला. उत्तर केरळच्या किनाऱ्यावरचा दाखला प्रसिद्ध आहे. १९९७ ते २००१ या काळात तेथे मोबाइल पोचला. कोळी समुद्रातूनच विचारू लागले की मासळीला गिऱ्हाईक कोठे आहे. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकाने २००७ मध्ये दाखवून दिले की गावोगावच्या भावांतली तफावत कमी झाली, फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ थांबली, कोळ्यांची मिळकत वाढली आणि घेणाऱ्यालाही ती थोडी स्वस्त पडली. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ती होडी जिकडे भाव तिकडे वळायला मोकळी होती. आमच्या आजोबांची गाडी मोकळी नव्हती.

म्हणून मला वाटते, बातमी पोचवण्याचे निम्मे काम झाले आहे, निम्मे राहिले आहे. भाव कळल्यावर चार दिवस थांबण्याची ताकद हवी. त्यासाठी गोदाम हवे आणि वेळेवर रास्त व्याजाचे कर्ज हवे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्यावर कर्ज घ्यायचे आणि भाव सुधारला की विकायचे, अशी ती सोय आहे. आपल्या समितीत ती चालू आहे का, हे गावाने जाऊन विचारले पाहिजे.

आणि शिक्षकबंधूंनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. फोनवर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव येतात. पुष्कळांचे डोळे कमाल भावावर खिळतात. तो मिळालेला असतो कदाचित एखाद्याच ढिगाला. समजा, दूरच्या बाजारात क्विंटलला १०० रुपये जास्त आहेत आणि माल २० क्विंटल आहे. म्हणजे २००० रुपये जास्त मिळणार. पण गाडीभाड्याचे ३००० जादा पडत असतील, तर त्या भावाच्या मागे धावण्यात १००० रुपयांचे नुकसान आहे. हे गणित पाचवीच्या मुलाला जमण्याजोगे आहे. वर्गातल्या मुलांना घरची एक जुनी हिशेबपट्टी आणायला सांगा. वजन, भाव, हमाली, तोलाई, एकेक ओळ फळ्यावर मांडा आणि बेरीज-वजाबाकी त्यांच्याकडून करून घ्या. सुप्याच्या लोकांना जो कागद वाचता येत नव्हता म्हणून जाळावा लागला, तसलाच कागद त्यांच्या पणतूच्या पोरांनी वाचून त्यातली चूक दाखवावी. फोन घरात आलाच आहे; हे शिकवायचे काम तेवढे आपल्याकडे आहे.