दर्यावरचे घड्याळ

जमिनीवर वाट चुकली तर कुणालाही विचारता येते. समुद्रावर विचारायचे ते आकाशाला. आणि आकाश उत्तर देते ते एका अटीवर. या क्षणी नेमके किती वाजले, हे आधी आपल्याला ठाऊक हवे.

उत्तर-दक्षिणेचा प्रश्न सोपा. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून ध्रुवतारा क्षितिजाच्या सुमारे १९ अंश वर दिसतो. तोच आपला अक्षांश. पूर्व-पश्चिमेला मात्र असा स्थिर सोबती नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांत एक अंश. सूर्य माथ्यावर आला असता ग्रिनिचला किती वाजले हे कळले, की पंचांगातला संस्कार करून रेखांश मिळतो. घड्याळ एक मिनिट चुकले तर वर्सोव्याच्या अक्षांशावर जहाज सुमारे २६ किलोमीटर चुकते. एवढ्या अंतरात खडक किती असतील, ते दर्याच जाणे!

हे कोडे सोडविले ते जॉन हॅरिसन नावाच्या एका इंग्रज सुताराने. १७६१ मध्ये जमैकाला निघालेल्या जहाजावरचे त्याचे घड्याळ, चालीचा ठरावीक फरक वजा करता, त्या दीर्घ प्रवासात अवघे ५ सेकंद मागे पडले.

पण घड्याळ कितीही उत्तम असले तरी ते कशाशी तरी ताडून पाहावे लागते. त्यासाठीच ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्यास वेधशाळा उभारली. मुंबई बंदरात ठरल्या क्षणी खांबावरून एक मोठा गोळा खाली सोडीत आणि नांगरलेल्या जहाजांवरचे अधिकारी तो पाहून आपली घड्याळे ताडून पाहत. १८९६ मध्ये या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले ते नानाभाई मूस.

कुलाबा आणि वर्सोवा जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. म्हणून ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढची 'मुंबई वेळ' ही खरोखर आमच्या सूर्याचीच वेळ होती. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली आणि घड्याळे ३९ मिनिटे पुढे सरकली. मुंबईच्या नगरपालिकेने मात्र जुनी वेळ कित्येक वर्षे सोडली नाही. हट्ट म्हणा हवे तर. मला त्यात घरच्या सूर्याविषयीची माया दिसते.

आता तांडेलापुढे उपग्रहाचे यंत्र असते. त्याचे मर्मही घड्याळच! उपग्रहातून निघालेली लहर पोहोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघते. सेकंदाचा दशलक्षावा भाग चुकला तर ३०० मीटरची चूक होते. होडीतल्या यंत्राचे घड्याळ साधेच असते; म्हणून स्थानासाठी तीन उपग्रह पुरत असूनही त्या घड्याळाची चूक काढण्यास चौथा लागतो. परिणामी, ते यंत्र जागेबरोबर अचूक वेळही सांगते. ती वेळ घेऊन कुणी पुन्हा ताऱ्यांचे वेध घेतले, तर हॅरिसनचे सारे श्रम त्याला फुकट लाभतात!

तरीही सावध असावे. आपल्या देशाने २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळे पुढे बंद पडली. आकाशात ठेवले म्हणून घड्याळ अमर होत नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात ज्यांनी बापजाद्यांकडून तारे आणि वारा ओळखायला शिकून घेतले, त्यांची विद्या यंत्र आले म्हणून टाकू नये. यंत्र मुके झाले तर होडीतल्या माणसांना घरी आणायला तीच उरेल.