वेगबदलाचा विलंब : धावता दुवा क्षणभर का थांबतो?

दोन यंत्रांना जोडणाऱ्या दुव्याचा वेग सेकंदाला अमुक मेगाबिट किंवा गिगाबिट असा सांगितला जातो आणि तो स्थिर असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो अनेकदा बदलावा लागतो. तारेवरील गोंगाट वाढला, तर चुका टाळण्यासाठी वेग उतरवावा लागतो. वाहतूक नसताना विजेची बचत करण्यासाठी तो उतरवणे इष्ट ठरते. हा बदल घडत असताना काही काळ एकही उपयुक्त बिट पलीकडे जात नाही. या काळाला वेगबदलाचा विलंब म्हणता येईल.

विलंबाचे मूळ ग्राहक बाजूस आहे. येणाऱ्या संकेताच्या ठेक्याशी ग्राहकाला आपले घड्याळ जुळवावे लागते. तारेमुळे संकेतात आलेली विकृती भरून काढणारा इक्वलायझर नव्याने बेतावा लागतो. त्यानंतर बिटांच्या अखंड ओळीत फ्रेम कोठे सुरू होते, हे शोधावे लागते. वेग बदलला की ही सर्व जुळणी पुन्हा करणे आले.

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेणाऱ्यांना हा अनुभव चांगलाच परिचित होता. १९९४ सालच्या व्ही.३४ मानकाचे मोडेम सेकंदाला २८.८ किलोबिट वेग देत. तार बिघडली, की दोन्ही मोडेम माहिती थांबवून परस्परांची चाचणी नव्याने घेत. यात काही सेकंद जात. २००० सालच्या व्ही.९२ मानकाने मागील जोडणीच्या वेळचे तारेचे गुणधर्म लक्षात ठेवून जोडणीचा वेळ कमी केला.

खरी प्रगती झाली ती एडीएसएलमध्ये. २००५ साली बीएसएनएलची डेटावन आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची ट्रायबँड ही सेवा याच तंत्रावर सुरू झाली. पावसाळ्यात तांब्याच्या तारेच्या सांध्यात ओल शिरली, की गोंगाट वाढे, जोडणी तुटे आणि मोडेमवरील दिवा अर्धा-एक मिनिट लुकलुकत राही. एवढ्या वेळात संकेतस्थळ पुन्हा उघडता येते; चालू असलेले संभाषण मात्र गेलेले असते.

यावरील उपाय आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या २००२ सालच्या एडीएसएल-२ मानकात आला होता. एडीएसएलमध्ये सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या २५६ उपवाहिन्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक उपवाहिनी तिच्या कुवतीप्रमाणे एका चिन्हात शून्य ते १५ बिट वाहते. गोंगाट वाढल्यास ग्राहक मोडेम बिटांचा नवा तक्ता तयार करून दुसऱ्या टोकाला कळवतो. ते टोक एका ठराविक समकालन-चिन्हाचे स्वरूप उलटे करून बदलाची खूण देते आणि त्यानंतरच्या ठरलेल्या चिन्हापासून दोघेही नवा तक्ता वापरू लागतात. माहितीचा ओघ खंडित होत नाही. हे साधते, कारण सेकंदाला ४००० चिन्हांचा ठेका कायम राहतो. बदलते ती केवळ प्रत्येक चिन्हातील बिटांची संख्या. घड्याळाला हात लागत नाही.

तरीही एक पेच उरतो. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून बाइट पसरवून पाठवले जातात. या पसरणीची खोली तशीच ठेवून वेग निम्मा झाला, तर ८ मिलिसेकंदांचा विलंब १६ वर जातो. व्हीडीएसएल-२च्या मानकात म्हणूनच वेगाबरोबर खोलीही बदलण्याची सोय आहे.

इथरनेटमध्ये प्रश्न अधिक बिकट होता. केन ख्रिस्तेन्सन आणि ब्रूस नॉर्डमन या अमेरिकी संशोधकांनी २०००च्या दशकाच्या मध्यास वाहतुकीनुसार दुव्याचा वेग बदलून वीज वाचवण्याची कल्पना मांडली. परंतु एक गिगाबिटचा दुवा तांब्याच्या तारेवर सेकंदाला १२.५ कोटी चिन्हे पाठवतो, तर दहा गिगाबिटचा ८० कोटी. म्हणजे येथे ठेकाच बदलतो. नेहमीच्या वाटाघाटीने वेग बदलण्यास काही सेकंद लागतात. तो एका मिलिसेकंदात बदलला असे मानले, तरी दहा गिगाबिटच्या दराने तेवढ्यात १२.५ लाख बाइट साचतात आणि त्यांना स्विचमध्ये जागा हवी.

आयईईईच्या समितीने अखेर वेगबदलाचा नादच सोडला, आणि तो निर्णय शहाणपणाचा होता. २०१० साली संमत झालेल्या ८०२.३एझेड मानकात दुवा पूर्ण वेगानेच माहिती पाठवतो आणि काम संपताच झोपी जातो. झोपेतही अधूनमधून संकेत पाठवून घड्याळ व इक्वलायझर जुळलेले ठेवले जातात. त्यामुळे दहा गिगाबिटचा दुवा ४.४८ मायक्रोसेकंदांत जागा होऊ शकतो. हा वेळ क्षुल्लक वाटेल. पण त्याच दुव्यावर १५०० बाइटचे पॅकेट जाण्यास १.२ मायक्रोसेकंदच लागतात. पॅकेटच्या प्रवासापेक्षा जागे होण्यासच अधिक वेळ! बाजारातील स्वयंचलित व्यवहार किंवा यंत्रनियंत्रण अशा ठिकाणी ही सोय बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो, तो याचमुळे.

घरातील वाय-फाय मात्र दर फ्रेमला वेग बदलू शकते. प्रत्येक फ्रेमच्या आरंभी मंद वेगाने जाणारा, पुढील वेग सांगणारा मजकूर जोडलेला असतो. म्हणजे जुळणीचा खर्च तेथे दर फ्रेमला भरला जातो.

संगणकाच्या आतील पीसीआय एक्स्प्रेस दुवा प्रथम २.५ गिगाट्रान्सफरवर जुळतो आणि मग वर चढतो. दर चढणीला वाहतूक थांबते. जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या सहाव्या आवृत्तीत वीज वाचवण्यासाठी वेगाऐवजी मार्गिकांची संख्या घटवण्याची सोय आहे. काही मार्गिका निजतात आणि उरलेल्यांवरून माहिती त्याच वेगाने वाहत राहते.