कुर्ल्याची गाडी, निसानचं इंजिन आणि ड्रिफ्टचं वेड

राजूरहून बोलतोय. राजूर म्हटलं की कुणाला जालन्याकडचा गणपती आठवतो, कुणाला अकोले तालुका. आमचं राजूर यवतमाळ जिल्ह्यातलं, वणी तालुक्यातलं. कोळशाच्या खाणीचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं.

आजचा भाग एका प्रश्नावरून सुचला. वणीकडच्या एका श्रोत्याने लिहिलं, "दादा, घरी आजोबांची प्रीमियर ११८ एनई उभी आहे. घरचे म्हणतात भंगारात दे. मला तिची ड्रिफ्ट कार करायची आहे, जपानी पोरांसारखी. जमेल का?" या पोराला हो किंवा नाही सांगण्याआधी या गाडीचा इतिहास सांगायला पाहिजे, कारण उत्तर तिथेच आहे.

घसरणं आणि घसरवणं

आधी ड्रिफ्ट म्हणजे काय ते बघू. पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीवरून ज्याने जीप किंवा ट्रॅक्टर काढला आहे, त्याला ते वेगळं शिकवावं लागत नाही. वळणावर मागची चाकं पकड सोडतात, शेपूट बाहेर जातं, आणि आपण घाईघाईने स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवतो. आपण ते जीव वाचवायला करतो. ड्रिफ्टवाला तेच मुद्दाम करतो, आणि वळण संपेपर्यंत गाडी तशीच तिरपी धरून ठेवतो. घसरणं सोपं आहे, धरून ठेवणं ही कला.

यासाठी पहिली अट एकच: इंजिनाची ताकद मागच्या चाकांना गेली पाहिजे. पुढची चाकं ओढणारी गाडी हँडब्रेकवर घसरेल, पण अॅक्सिलरेटरवर तिरपी राहणार नाही.

जपानमध्ये १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी नावाचा रेसर वळणातून गाडी अशी तिरपी काढायचा. हा माणूस मूळचा मोटरसायकलवाला. १९६१ मध्ये जागतिक ग्रां प्री शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी. त्याचं बघून नागानोकडच्या केइची त्सुचिया या तरुणाने घाटाच्या रस्त्यांवर तसाच सराव सुरू केला. १९८७ मध्ये त्सुचियाच्या घाटातल्या गाडी चालवण्याची एक व्हिडिओ कॅसेट निघाली आणि देशभरच्या पोरांना वेड लागलं. पुढे १९९५ मध्ये हे गुरू-शिष्य ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एकाच होंडा एनएसएक्समध्ये आळीपाळीने बसले आणि आपल्या गटात पहिले आले. त्याच वर्षी 'इनिशियल डी' हे चित्रकथेचं साप्ताहिक सदर सुरू झालं आणि टोफू पोचवणाऱ्या पोराची पांढरी-काळी टोयोटा जगभर गेली.

ती टोयोटा म्हणजे एई-८६. आणि आजच्या विषयाचा धागा इथे आहे.

मागे राहिलेल्या गाड्यांचा खेळ

१९८३ मध्ये टोयोटाने नवी कोरोला आणली. सगळं जग तेव्हा पुढच्या चाकांकडे वळत होतं. त्यात जागा वाचते, वजन वाचतं, खर्च वाचतो. नव्या कोरोलाचीही बहुतेक मॉडेल्स तशीच झाली. फक्त लेव्हिन आणि ट्रुएनो या दोन कूपे जुन्या, मागच्या चाकांच्या बांधणीवर राहिल्या. १५८७ सीसीचं इंजिन, कागदावर १३० अश्वशक्ती, मागे साधा सलग अॅक्सल. १९८७ मध्ये त्याही बंद झाल्या.

म्हणजे बघा, ड्रिफ्टची सगळ्यात लाडकी गाडी ही तिच्या काळातली सगळ्यात आधुनिक गाडी नव्हती. उलट ती मागे राहिलेली होती. जुनी झाली, सेकंड हँडमध्ये स्वस्त मिळू लागली, म्हणून पगारदार पोरांच्या हाती आली. पैसेवाल्यांनी सोडून दिलेल्या गाडीवर हा खेळ उभा राहिला.

आणि त्याच १९८३ च्या डिसेंबरमध्ये गुडगावला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. भारतात जपानी गाडी घरोघरी पोचली ती अशी, पुढच्या चाकांची.

कुर्ल्यात काय चाललं होतं

आता मुंबईला या. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी देशात बनवायचा ध्यास घेतलेला माणूस. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या गाड्या निघाल्या, मग फियाट. हीच फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा बनली.

मारुती आल्यावर पद्मिनी एका रात्रीत म्हातारी दिसायला लागली. प्रीमियरला काहीतरी नवं हवं होतं. नवं म्हणजे काय, तर १९८५ मध्ये आलेली ११८ एनई. हिचा सांगाडा फियाट १२४ चा. युरोपात १९६७ ची 'कार ऑफ द इयर' ठरलेली ती गाडी. स्पेनच्या सिएट कंपनीने ती परवान्यावर बनवली होती, आणि तिथली साचे-सामग्री कुर्ल्याला आली. इंजिन मात्र इटलीचं नाही, स्पेनचंही नाही. ते निसानचं. एनई म्हणजे निसान इंजिन. नावातच गोष्ट लिहिली होती, फक्त आपण कधी वाचली नाही.

हे इंजिन म्हणजे ए-१२. ११७१ सीसी, बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ७०. बोअर मोठा आणि स्ट्रोक छोटा असला की पिस्टनला कमी अंतर धावावं लागतं, म्हणून असं इंजिन वरच्या आरपीएमला खूश असतं. १९७० मध्ये हेच इंजिन घेऊन डॅटसन सनी आली होती, आणि फुजीच्या शर्यतींत या छोट्या सनीने वर्षानुवर्षं धुमाकूळ घातला. पुशरॉडचं साधं इंजिन, पण जपानी ट्यूनरांनी त्यातून काय काय काढलं! सनीचा छोटा पिकअप तर जपानमध्ये १९९४ पर्यंत बनत होता. म्हणून या इंजिनाची जाण असलेली माणसं आणि सुटे भाग जगात अजून सापडतात.

आता जोडून बघा. मागच्या चाकांची बांधणी, सलग अॅक्सल, हलका सांगाडा आणि जपानी शर्यतींत नाव काढलेलं इंजिन. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला बनणाऱ्या काँटेसातही पुढे इसुझूचं इंजिन बसलं, पण ती अंगाने मोठी. जपानी पोरांच्या एई-८६ ची आपल्याकडची गरीब चुलतबहीण शोधायची असेल तर ती कुर्ल्यात जन्मली, १९८५ मध्ये.

सख्खी बहीण दुसरीकडे आहे. रशियाची लाडा हीसुद्धा फियाट १२४ वरूनच निघाली. तिकडे आजही पोरं हिवाळ्यात बर्फावर जुन्या लाडा आडव्या घालतात. तोच सांगाडा, तोच खेळ, फक्त चिखलाच्या जागी बर्फ.

आपल्याकडे ही गाडी रॅलीतही उतरली. पण पुढे चंदीगडचे हरी सिंग यांच्यासारख्यांनी मारुती जिप्सीवर राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि कच्च्या रस्त्यावर शेपूट फिरवण्याचं चित्र जिप्सीशी जोडलं गेलं. एनई ही साहेबांची, कुटुंबाची गाडी म्हणूनच राहिली. नव्वदच्या दशकात प्रीमियर संप, परदेशी भागीदाऱ्या आणि नव्या गाड्यांच्या रेट्यात खचली. कुर्ल्याचा कारखाना फियाटसोबतच्या नव्या कंपनीकडे गेला, आणि एनई कुणी निरोप न देता संपली.

गॅरेजमध्ये काय करावं लागतं

आता त्या पोराच्या गाडीकडे. वर्षानुवर्षं उभी असलेली एनई चालू करायची म्हणजे आधी पत्रा तपासायचा. फ्लोअर, दारांखालचा पट्टा, डिकीचा तळ. आमच्याकडे चुन्याची आणि कोळशाची धूळ कोपऱ्यात बसते, पावसाळ्यात ओल धरते, आणि पत्रा आतून खाते. वरून रंग चकचकीत, खालून बोट घातलं की आरपार. इंजिन त्यामानाने सोपं. बोअर, रिंगा, हेड गॅस्केट, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट. चांगला लेथवाला आणि जुना फिटर असला की ए-१२ उभं राहतं. प्रीमियरचे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या सामानाच्या बाजारात शोधावे लागतात.

ड्रिफ्टसाठी पुढचं काम डिफरन्शियलचं. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. हे जमवणारा गिअरचा डबा म्हणजे डिफरन्शियल. पण एका चाकाची पकड सुटली की ते जागच्या जागी भिरभिरतं, दुसरं चाक गप्प बसतं, आणि ड्रिफ्ट मेली. म्हणून दोन्ही चाकांना बांधून ठेवणारं डिफरन्शियल लागतं. पैसे नसलेली पोरं आतले गिअर सरळ वेल्ड करतात. मग स्टिअरिंग जास्त वळावं म्हणून पुढचे आर्म बदलायचे, बकेट सीट, रोल केज.

आणि ताकद? एनईची ५२ अश्वशक्ती. एई-८६ च्या निम्म्याहून कमी. कोरड्या डांबरावर ही गाडी दोन सेकंद घसरेल आणि सरळ होईल. म्हणून लोकांचा पुढचा विचार असतो इंजिन बदलायचा, आणि तिथून सांगाडा कापणं सुरू होतं.

गावातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना मी हे सांगितलं. ते बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "काहून कापतं बाप्पा? इंजिन कमजोर नाई, रस्ता कोरडा हाय. वल्ल्या मातीत घेऊन जाय, नाचते ते."

काकांनी 'इनिशियल डी'चं नावही ऐकलेलं नाही. पण जपानी पोरांनी जे केलं तेच ते सांगत होते: गाडीत आहे तेवढ्या ताकदीचा खेळ शोधायचा.

कायदा काय म्हणतो

रस्त्यावर हा प्रयोग नको, हे आधी. वणी-राजूर भागात कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे, पण तुमची गाडी आडवी असताना समोरून हायवा आला तर कलम वाचायला कुणी उरत नाही. बंद जागा, स्वतःचं रान, आयोजकांनी घेतलेलं मैदान, एवढंच.

दुसरं, बदलांचं. कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करून ती रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणजे कापलेली एनई ट्रेलरवरूनच न्यावी लागेल.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी, जिच्या चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नाही, तिला 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. १९८५ ची एनई पन्नास वर्षांची होईल २०३५ मध्ये. ते वर्ष फार लांब नाही. आणि खरी एई-८६ इथे आणू म्हणाल, तर तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करायला साधारणपणे परवानगी नाही. आपल्या वाट्याला आलेली ही एकच आहे.

तर मग उत्तर

भाऊ, भंगारात देऊ नको. किलोच्या भावाने गेलेली एनई परत कुर्ल्यात बनणार नाही.

आधी ती जशी होती तशी उभी कर. मग बदल करायचे तर एकच नियम ठेव: जे नटबोल्टने लागतं आणि नटबोल्टने निघतं तेवढंच बदल. सीट, टायर, शॉक अॅब्झॉर्बर बदल. मागचा अख्खा अॅक्सल दुसरा मिळाला तर त्यात डिफरन्शियलचे प्रयोग कर, मूळचा पोत्यात बांधून कोरड्या खोलीत ठेव. सांगाड्याला ग्राइंडर लावू नको. पत्रा आधीच संपलेला असेल, वाचण्यासारखं काही उरलं नसेल, तर गोष्ट वेगळी. मग तिची नोंदणी रद्द कर आणि बिनधास्त मैदानाची गाडी बनव. सडलेल्या सांगाड्यात रोल केज बसवणं हे तिला मारणं नव्हे.

जपानी पोरांनी एई-८६ निवडली कारण ती त्यांच्या घाटात होती आणि त्यांच्या खिशात बसत होती. तुझ्या अंगणात जी उभी आहे तिच्यात जपानचं इंजिन आहे, इटलीची बांधणी आहे, स्पेनचे साचे आहेत आणि कुर्ल्याच्या कामगारांचे हात लागलेले आहेत. पहिला पाऊस पडला की काळ्या मातीत एक मोकळं रान बघ, आजोबांना शेजारच्या सीटवर बसव, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच अॅक्सिलरेटर दाब.

पुढच्या भागात भेटू. तुमच्या घरी, गावात जुनी प्रीमियर उभी असेल तर तिची गोष्ट नक्की कळवा. राम राम.