जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधली एक कॅसेट

परभणीच्या माणसाला दोन म्हणी बाळकडूसोबत मिळतात. पहिली "बनी तो बनी, नहीं तो परभणी". दुसरी "जगात जर्मनी, भारतात परभणी". पहिली लोकांकडून ऐकून घ्यायची असते आणि दुसरी लोकांना ऐकवायची असते. दुसरीचा अर्थ विचारायचा नसतो, नुसती छाती फुगवून म्हणायची. पण मंडळी, गेल्या दिवाळीत आम्हाला या म्हणीचा चक्क पुरावा सापडला. आणि त्याच रात्री तो पुरावा किती तोकडा आहे हेही कळलं. आजचा शनिवार त्यासाठी.

आम्ही चौघं शाळासोबती. एक डॉक्टर झाला, एक वकील, एक मास्तर आणि मी पुण्यात कॉम्प्युटरपुढे बसणारा. दिवाळीच्या पाडव्याला डॉक्टरच्या गच्चीवर चिवडा-चहाची बैठक असते आणि वाद दरवर्षी एकच : ऐंशीच्या दशकातलं सगळ्यात दुर्लक्षित हिट गाणं कोणतं? वादाचे नियमही आहेत. गाणं सिनेमाचं नको. ते त्याच दशकात ऐकलेलं पाहिजे, नंतर इंटरनेटवर सापडलेलं चालणार नाही. आणि ते परभणी जिल्ह्यात ऐकलेलं पाहिजे. (हिंगोलीत ऐकलेलं चालतं, कारण हिंगोली १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. हा मुद्दा वकिलानं तीन दिवाळ्या लढवून पास करून घेतलाय.)

आता हे गाणं परभणीत यायचं कुठून? रेडिओवर गीतमाला होती. अमीन सायानींनी ती १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू केली. गाण्यांचे नंबर ठरायचे ते रेकॉर्डच्या विक्रीवरून आणि श्रोता संघांच्या पत्रांवरून. पण तो सगळा मामला हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा. सिनेमाबाहेरचं गाणं कितीही गाजलं तरी त्याला पायदानावर जागा नाही. आकाशवाणी परभणी घरोघर लागायची, पण ती शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांसाठी, बातम्यांसाठी आणि भावगीतांसाठी. तिथं विदेशी पॉप शोधणं म्हणजे मोंढ्यात पियानो शोधणं.

मार्ग उघडला तो कॅसेटनं. तबकडी काढायची तर कारखाना लागतो, आणि त्या धंद्यावर कितीतरी वर्षं एचएमव्हीचंच राज्य होतं. कॅसेटला मात्र दोन मशिनं आणि एक वायर पुरते. ऐंशीच्या सुमारास आयातीचे नियम सैल झाले, आखातात कामाला गेलेली माणसं येताना टू-इन-वन घेऊन यायला लागली, आणि पाहता पाहता तबकडी मागं पडली. गुलशन कुमारांची टी-सीरीज १९८३ ची. चोरट्या कॉप्या इतक्या वाढल्या की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढवावी लागली. त्याचा आमच्या गावातल्या रेकॉर्डिंगच्या दुकानावर काही परिणाम झाल्याचं मला आठवत नाही, कारण मी स्वतः तिथला गिऱ्हाईक होतो! वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी घेऊन जायची. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सात गाणी, आणि सातवं हमखास मधेच तुटायचं. त्यातलं एक गाणं तिथंच संपतं असं मी इंजिनिअरिंगला जाईपर्यंत समजत होतो.

तर आता उमेदवारांकडे वळू.

डॉक्टरचा उमेदवार ठरलेला : मॉडर्न टॉकिंग. डीटर बोहलेन आणि थॉमस अँडर्स, पश्चिम जर्मनीतली जोडी. त्यांचं पहिलं गाणं 'यू आर माय हार्ट, यू आर माय सोल' १९८४ चं, पुढच्या वर्षी जर्मनीत पहिल्या नंबरावर गेलं. 'ब्रदर लुई' १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरापर्यंत चढलं. आणि अमेरिकेत? तिथल्या मुख्य यादीत, म्हणजे बिलबोर्डच्या पहिल्या शंभरात, ही जोडी कधी आलीच नाही. मॅडोनाच्या देशात ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांची कॅसेट आमच्याकडं ऑटोरिक्षात वाजायची. बप्पी लाहिरींनी तर ते पहिलं गाणं १९८७ च्या 'डान्स डान्स'मध्ये 'जूबी जूबी' करून अलिशा चिनॉयकडून गाऊन घेतलं, त्यामुळे ज्यांनी मूळ ऐकलं नव्हतं त्यांनाही चाल पाठ. त्याच्या आधी गाजलेला बोनी एमसुद्धा जर्मनीतच जमवलेला. गाणारे कॅरिबियन मुळाचे, निर्माता जर्मन फ्रँक फारियन, आणि स्टेजवर बॉबी फॅरेल नाचायचा तेव्हा रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज खुद्द फारियनचा असायचा.

"म्हणजे बघ," डॉक्टर म्हणाला, "अमेरिकेत नाही, पण जर्मनीत हिट अन् परभणीत हिट. जगात जर्मनी, भारतात परभणी! हाय का उत्तर?"

गच्चीवर टाळ्या पडल्या. एवढा पक्का पुरावा म्हणीला आजवर मिळाला नसेल.

वकील मात्र नाझिया हसनवर ठाम. 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' (१९८०) सगळ्यांना माहीत, त्यासाठी शाळकरी वयात तिला फिल्मफेअर मिळालं. पण ते सिनेमाचं, म्हणून बाद. 'डिस्को दीवाने' (१९८१) सिनेमाचं नाही, पण ते फारच प्रसिद्ध, म्हणून तेही बाद. त्याचं म्हणणं 'यंग तरंग' (१९८४) ऐका. पाकिस्तानची मुलगी आणि तिचा भाऊ झोहेब, संगीत बंगलोरहून लंडनला गेलेल्या बिद्दूचं. याच बिद्दूच्या 'कुंग फू फायटिंग'नं १९७४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडं पहिला नंबर काढला होता. लंडनमध्ये तयार झालेला आवाज, भाषा आपली, आणि कॅसेट पोचली थेट जिंतूर रोडपर्यंत. नाझिया २००० साली गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. हे सांगताना वकिलाचा आवाज दरवर्षी थोडा खाली येतो आणि आम्हीही उगं गप्प बसतो.

माझा उमेदवार रॉक मशीन. मुंबईचा बँड, स्वतःची इंग्रजी गाणी लिहिणारा. 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा त्यांचा पहिला अल्बम १९८८ चा. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. हॉस्टेलवर मी तो झिजेपर्यंत ऐकला. पण अडचण तीच.

"हॉस्टेल कुठं होतं?" वकील विचारतो.

"पुण्यात."

"मग बाद. बस खाली."

दरवर्षी इथंच वाद मिटतो आणि चहाची दुसरी फेरी येते. गेल्या दिवाळीत मात्र मास्तर बोलला. इतक्या वर्षांत त्यानं कधी उमेदवार दिला नव्हता. आम्ही समजायचो की याला संगीतात फारसा रस नाही.

"तुम्ही तिघं एवढी वर्षं भांडायलाव," तो म्हणाला, "मी ऐकायलोय. हे मॉडर्न टॉकिंग परभणीत किती घरांत वाजत होतं?"

डॉक्टरनं हिशोब केला. आमची गल्ली, शेजारची कॉलनी, दोन-चार ऑटो.

"अन् आनंद शिंदेचा पोपट?"

कुणी काही बोललं नाही. कारण 'नवीन पोपट हा' आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. लग्नाच्या वरातीत, उरसाच्या पाळण्यांजवळ, बस स्टँडच्या टपरीवर... ती कॅसेट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रभर वाजली. सिनेमाची नव्हती. त्या दशकातली होती. परभणीत ऐकलेली होती. तिन्ही नियमांत बसत होती, आणि इतक्या वर्षांत एकदाही आमच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं.

"अरे पण ते पॉप कुठंय?" वकिलानं क्षीण प्रयत्न केला.

"पॉप्युलरचंच पॉप ना रे लेका?" मास्तर म्हणाला. "बरं, ते तरी तुम्हाला माहीत होतं. आमच्या वस्तीतलं सांगू? आनंदचे वडील प्रल्हाद शिंदे. त्यांची विठ्ठलाची गाणी तुमच्या घरात लागायची, त्यांचीच भीमगीतं आमच्या घरात. एकच गळा. वामनदादा कर्डकांची गाणी तर कॅसेटच्याही आधी गावोगाव तोंडी फिरलेली. १४ एप्रिलला आमच्याकडं जी गाणी वाजायची ती हजार माणसाला पाठ असायची. तुमच्या यादीत ती नव्हती, कारण यादी करणाऱ्याकडं टेपरेकॉर्डर पाहिजे. माझ्याकडं नव्हता. मी तुमचाच ऐकायचो."

ते दिवस कसले होते हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९७८ मध्ये विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. आमचं ऐंशीचं दशक या दोन तारखांच्या बरोबर मधलं. आम्ही मॉडर्न टॉकिंगचे शब्द वहीत उतरवून घेत होतो, तेव्हा अर्ध्या किलोमीटरवर दुसरंच दशक वाजत होतं. ऐकू येत होतं. पण मोजलं नाही.

पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन संगीत-अभ्यासकाचं 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक १९९३ चं. उत्तर भारतातल्या कॅसेटच्या धंद्यावर आहे. त्यात मुख्य मुद्दा हाच, की कॅसेट स्वस्त झाल्यानं एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि ज्यांना तबकडी कधीच परवडली नसती अशा बोलींना, अशा गायकांना बाजार मिळाला. म्हणजे कॅसेटची खरी क्रांती झाली ती मास्तरच्या बाजूला. आम्हाला मात्र वाटत होतं की कॅसेट आली ती जर्मनी परभणीला आणण्यासाठी!

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जी नोंद टेबलात घातलीच नाही, ती कितीही हुशार क्वेरी लिहिली तरी बाहेर येत नाही. आम्ही दरवर्षी क्वेरी सुधारत बसलो, नियम घासूनपुसून घेतले. टेबल कुणी भरलं हे विचारलंच नाही. "दुर्लक्षित" गाणं शोधणाऱ्या तिघांनी केलेलं हे दुर्लक्ष. बिलबोर्डनं मॉडर्न टॉकिंगला घेतलं नाही म्हणून डॉक्टर चिडतो, पण आमच्या गच्चीवरचं बिलबोर्ड तसंच निघालं.

असो. वाद मिटलेला नाही, मिटू नये. पण आता एक काम अंगावर घेतलंय. मास्तरच्या वडिलांच्या ट्रंकेत चाळीसेक कॅसेट आहेत. जयंतीला आणि जलशांना विकत घेतलेल्या, काही तर हातानं नाव लिहिलेल्या. एकदोन मी नावं टाकून शोधल्या, कुठंच सापडल्या नाहीत. ओलीनं काहींना बुरशी लागलीय, एकीची पट्टी चिकटून बसलीय. मॉडर्न टॉकिंग कुठं जात नाही, त्याची काळजी बर्लिनमध्ये कुणीतरी घेईल. यांची काळजी घ्यायला जर्मनीहून कोणी येणार नाही. कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचं काम मी करीन, शनिवार-रविवार आहेतच. फक्त बेल्ट न सुटलेला, चालू स्थितीतला कॅसेट डेक कुणाच्या माळ्यावर असेल तर जरूर कळवा. पुण्यात असेल तरी चालेल. या वेळी वकील हरकत घेणार नाही.