गंधमापनातील संदर्भद्रव्यांचा इतिहास : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

ध्वनी डेसिबेलमध्ये मोजला जातो, उष्णता अंशांत मोजली जाते. परंतु वास किती आला, या प्रश्नाला सर्वमान्य अंकात उत्तर देणे मानवाला दीर्घकाळ जमले नाही. विज्ञानाच्या इतिहासलेखनातही घ्राणेंद्रियाकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत मात्र हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाही. स्वातंत्र्योत्तर काळात कृष्णेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखानदारी वाढली. भुईंज, यशवंतनगर, रेठरे बुद्रुक, वाळवा, साखराळे व सांगली या गावांची अर्थव्यवस्था तिने बदलून टाकली. पुढे साखरेच्या जोडीला मद्यार्कनिर्मिती आली आणि २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर इथेनॉलला मोठी चालना मिळाली. एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः ८ ते १५ लिटर सांडपाणी उरते. तांत्रिक भाषेत त्यास स्पेंटवॉश आणि बोलीत मळीचे पाणी म्हणतात. त्याचा गडद तपकिरी रंग मेलॅनॉइडिन या द्रव्यांमुळे असतो, तर वास स्कॅटोल, इंडोल, गंधकयुक्त संयुगे व बाष्पनशील आम्ले यांमुळे येतो. या वासाविषयीची तक्रार 'असह्य दुर्गंधी' या दोन शब्दांतच नोंदली जाते. ती अंकात नोंदवायची तर तुलनेसाठी एखादे संदर्भद्रव्य लागते. ते कोणते असावे, आणि ज्या माणसाने ते हुंगायचे त्याला त्यापासून अपाय होणार नाही ना, या दुहेरी प्रश्नाचा इतिहास येथे पाहावयाचा आहे.

प्रकार आणि परिमाण :

भारतीय परंपरेत गंधाचा विचार झाला नाही असे म्हणता येणार नाही. न्याय-वैशेषिक दर्शनांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि त्याचे सुरभी व असुरभी असे दोन भेद केले. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणांवर 'गंधयुक्ति' हे स्वतंत्र प्रकरण आहे. तथापि हा सारा विचार गंधाच्या प्रकाराचा आहे, परिमाणाचा नव्हे. मराठी भाषेचीही हीच स्थिती आहे. कुबट, खवट, आंबूस, कुजकट असे प्रकारवाचक शब्द तिच्याजवळ विपुल आहेत. दरवळ, घमघमाट, भपकारा या शब्दांत तीव्रतेची चढण जाणवते खरी. पण दरवळीच्या किती पट घमघमाट, हे कोणी सांगू शकणार नाही.

वास आणि धोका या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची जाण मात्र या भागातील व्यवहारात जुनी आहे. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील हरिपूर येथे हळद जमिनीखालील पेवांत साठवली जात असे. २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. बंद पेव उघडल्यावर त्यात लगेच उतरायचे नाही, ही तेथील कामगारांची शिस्त होती. आतल्या हवेतील प्राणवायू कमी झालेला असतो आणि नाक त्याची सूचना देत नाही. संदर्भद्रव्यांच्या निवडीत पाश्चात्त्य प्रयोगशाळांना हा धडा बऱ्याच उशिरा गिरवावा लागला.

नळी, खोली आणि हुंगणारा माणूस :

आधुनिक गंधमापनाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १८८६ च्या सुमारास एमिल फिशर व फ्रांट्स पेंझोल्ट यांनी एर्लांगेन येथे एका रिकाम्या खोलीत अत्यल्प मरकॅप्टन फवारून त्याचा वास कोठवर जाणवतो याचा शोध घेतला. मिलिग्रॅमच्या ४६ कोटीव्या भागाइतके मरकॅप्टनही नाकाला कळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८८८ मध्ये नेदरलँड्समधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेंड्रिक झ्वार्डेमाकर यांनी घ्राणमापक तयार केला. काचेच्या नळीवर गंधयुक्त द्रव्याची, उदाहरणार्थ रबराची, दुसरी नळी सरकवायची आणि ती किती सेंटिमीटर पुढे नेली असता वास प्रथम जाणवतो हे पाहायचे, अशी ती योजना होती. तिने वासाला प्रथमच लांबीच्या मापात पकडले. परंतु एका नळीचे रबर दुसऱ्या नळीच्या रबरासारखे असेलच असे नाही. तेव्हा एका शहरातील आकडा दुसऱ्या शहरातील आकड्याशी ताडून पाहणे कठीणच राहिले.

म्हणून शुद्ध रासायनिक द्रव्यांकडे वळणे भाग पडले. विसाव्या शतकात पिरिडिन, हायड्रोजन सल्फाइड, ब्यूटेनॉल अशी अनेक द्रव्ये वापरात आली. निवडीचे प्रारंभीचे निकष हे सोयीचे निकष होते. द्रव्य शुद्ध मिळावे, स्वस्त असावे, त्याचा वास ठळक असावा, एवढे पाहिले जाई. हुंगणारी व्यक्ती हे जणू उपकरणच, अशी त्यामागील धारणा होती. हायड्रोजन सल्फाइडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सडक्या अंड्यांचा त्याचा वास अब्जांशातील काही भाग एवढ्या अल्प प्रमाणातही कळतो, आणि गटारे व सांडपाणी यांच्या दुर्गंधीशी त्याचे साम्य असल्याने ते संदर्भ म्हणून स्वाभाविक वाटते. जर्मन मानकांत ते ब्यूटेनॉलच्या जोडीने वापरले गेले. परंतु हवेतील त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास पोहोचले की नाक बधिर होते. वास नाहीसा झाला असे वाटते त्याच वेळी जिवाचा धोका वाढलेला असतो. सिलिंडरची झडप वा मिश्रणाचे गणित चुकल्यास हुंगणाऱ्याला त्याची सूचना मिळणार नाही. पिरिडिनची अडचण वेगळी होती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पुढे त्याची गणना मानवात कर्करोगास संभाव्यतः कारणीभूत ठरणाऱ्या द्रव्यांत केली.

ब्यूटेनॉलची मान्यता आणि मर्यादा :

१९७५ मध्ये अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेने ई ५४४ हे मानक प्रसिद्ध करून एन-ब्यूटेनॉलची श्रेणी रूढ केली. प्रत्येक पायरीवर ब्यूटेनॉलचे प्रमाण आधीच्या दुप्पट असते, आणि परीक्षकाने समोरचा वास कोणत्या पायरीइतका तीव्र आहे एवढेच सांगायचे असते. पुढे २००३ च्या युरोपीय मानकाने, म्हणजे ईएन १३७२५ ने, एक घनमीटर हवेतील १२३ मायक्रोग्रॅम ब्यूटेनॉल हा एककाचा आधार ठरवला. पीपीएममध्ये हे प्रमाण ०.०४ होते.

प्रमाण दुप्पट केले म्हणजे वास दुप्पट वाटतो असे नाही. स्टीव्हन्स यांच्या घातनियमानुसार ब्यूटेनॉलचा घातांक सुमारे ०.६६ आहे, म्हणजे प्रत्येक पायरीला जाणवणारी वाढ साधारण दीडपट होते. ०.०४ पीपीएमपासून दुप्पट करीत गेल्यास नवव्या वेळी प्रमाण २० पीपीएमच्या थोडे वर जाते, आणि कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीसाठी अमेरिकन तज्ज्ञसंस्थेने सुचवलेली मर्यादा नेमकी २० पीपीएम आहे. क्षणभर हुंगणे आणि आठ तास श्वास घेणे यांत अंतर आहे हे मान्य केले, तरी श्रेणीच्या वरच्या पायऱ्यांवर ब्यूटेनॉल नाकाला झोंबते. ही झोंब गंधाच्या नव्हे, तर त्रिधारी मज्जातंतूच्या मार्गाने कळते. परिणामी तेथे मोजला जातो तो निव्वळ वास राहत नाही.

जपानने याच काळात वेगळी वाट धरली. १९७१ मध्ये तेथे दुर्गंधी नियंत्रण कायदा झाला आणि १९७२ मध्ये टोकियोत तीन पिशव्यांची पद्धत विकसित झाली. तीनपैकी एकाच पिशवीत दुर्गंधीयुक्त हवा असते व ती परीक्षकाने ओळखायची असते. परीक्षकांची निवड करण्यासाठी तेथे बीटा-फिनाइलएथिल अल्कोहोल, मिथाइल सायक्लोपेंटेनोलोन, आयसोव्हॅलेरिक आम्ल, गॅमा-अंडेकॅलॅक्टोन व स्कॅटोल ही पाच द्रव्ये अतिविरल स्वरूपात वापरतात. यांतील पहिल्याला गुलाबाचा वास आहे, तर स्कॅटोल हे मळीच्या पाण्यातही आढळते. साखरपट्ट्याच्या दृष्टीने ही यादी ब्यूटेनॉलपेक्षा जवळची वाटते.

कायदा आणि कृष्णाकाठ :

भारतात दुर्गंधीचा विचार प्रथम उपद्रव म्हणून झाला. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २७८ नुसार हवा आरोग्यास अपायकारक करणाऱ्यास कमाल ५०० रुपये दंड होता. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो १००० रुपये झाला. दीडशेहून अधिक वर्षांत झालेली ही वाढ पुरेशी बोलकी आहे! १९८० च्या रतलाम नगरपालिका खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांच्या निकालाने उघडी गटारे व मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी यांविरुद्ध नागरिकांना दिलासा दिला. तेथे वासाची तीव्रता अंकात सिद्ध करावी लागली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २००८ मध्ये दुर्गंधी प्रदूषणाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि मापनाचा विषय शासकीय कागदपत्रांत ठळकपणे आला.

मंडळाचे पथक गावात पोहोचेपर्यंत वारा फिरलेला असतो. सांगलीतील शेरीनाल्यासारख्या ठिकाणी तर नाल्याचे पाणी व उन्हाळ्यातील नदीची पातळी यांनुसार वास तासातासाला बदलतो. अशा वेळी जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थी प्रशिक्षित परीक्षक म्हणून उपयोगी पडू शकतात, आणि म्हणूनच द्रव्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत धूर खेचून घेणारी कपाटे अनेकदा नसतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना हायड्रोजन सल्फाइड वा पिरिडिन हुंगावयास देणे तेथे समर्थनीय ठरणार नाही. परीक्षकांच्या निवडीसाठी फिनाइलएथिल अल्कोहोल अधिक योग्य दिसते. ते विषारी जवळजवळ नाही आणि नाकाला झोंबतही नाही. परंतु त्याचा वास ठरावीक तीव्रतेपलीकडे चढत नसल्याने मळीच्या पाण्याच्या उग्र दर्पाशी तुलना करण्यास ते अपुरे पडते. त्या कामी ब्यूटेनॉलची पाण्यातील विरल द्रावणे वापरावी लागतात, आणि तीही झोंबू लागण्याच्या अलीकडच्या पायऱ्यांपुरतीच.

त्यातही स्थानिक हवामानाचा विचार युरोपीय मानकांत सापडत नाही. शुद्ध ब्यूटेनॉलचा प्रज्वलनांक सुमारे ३५ अंश सेल्सिअस आहे. गळीत हंगाम संपला तरी साठवलेल्या मळीवर डिस्टिलरी चालू राहू शकते, आणि सांगलीत एप्रिल महिन्यात पारा ४० अंशांच्या जवळ जातो. तक्रारी तपासण्याच्या त्या दिवसांत मूळ बाटली थंड जागी, ज्योतीपासून दूर ठेवावी लागते आणि परीक्षकांपुढे केवळ आधी तयार केलेली पाण्यातील द्रावणेच न्यावी लागतात.